आवाजाचं भाडं

आधीच सांगते, माझ्या शुद्धलेखनाला हसू नये. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि तीही भरती-ओहोटी बघून. मासळी जास्त आली की आई मला वर्गातून बोलावून घ्यायची. त्यामुळे ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे मी अजून अंदाजानेच ठरवते. अक्षराचं तर बोलायलाच नको. दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांसारखं आहे ते, वरून एका रेघेला टांगलेलं आणि खाली ज्याला जिकडे वळायचं तिकडे वळलेलं. हे कोणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. वाळवणावर कावळे येऊ नयेत म्हणून दुपारभर ओटीवर बसावंच लागतं, तेवढ्या वेळात लिहिते. तरी कोणाच्या हाती लागलंच, तर माफी असावी.

आणखी एक. यात मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. एक नाव तर मला लिहिताच येणार नाही, आणि का, ते पुढे येईलच. एकाचं सोडून बाकीच्यांची लिहिली तर बरं दिसणार नाही, म्हणून सगळ्यांचीच राहू देते.

तर मी रेडिओवर नाटकांत कामं करत असे. आता हे सांगितलं तर नातवंडांना पटत नाही. त्यांचंही बरोबर आहे. घरी पाहुणा आला की आजी मागच्या दाराने विहिरीवर जाते, एवढंच त्यांनी पाहिलंय. मी लहानपणापासून अशीच. चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लग्न होऊन अलिबागजवळच्या ह्या कोळीवाड्यात आले, तेव्हा सासूबाईंनी मला एकदा बाजारात नेऊन बघितलं. मी पाटी पुढ्यात घेऊन खाली मान घालून बसले, आणि गिऱ्हाईकं शेजारणीकडून पापलेटं घेऊन गेली. परत येताना सासूबाई म्हणाल्या, "हिच्या पाटीतली मासळी माश्या उचलून नेतील, पन ही तोंड उघडायची न्हाय." तेव्हापासून त्या बाजार करत आणि मी घरी मासळी सुकवायची, असं ठरलं.

पण कोणी बघत नसलं की माझं वेगळंच असायचं. आमच्या स्वयंपाकघराला भिंतीऐवजी कारवीच्या काठ्यांचा, शेणाने सारवलेला कूड होता. त्या कुडाआड चुलीपुढे बसले की मला भराभरा आवाज सुचायचे. रेवसच्या लाँचवरचा तिकीटवाला कसा नाकातून ओरडतो, कचेरीतला कारकून कोलंबीचा भाव पाडताना कसं आधी आपल्या आजारी आईचं रडगाणं लावतो, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे सासूबाई. त्यांचा आवाज मोठा, थोडा फाटका, वाक्याच्या शेवटाला वर चढणारा. वाऱ्यावर बोलायची सवय असलेल्या बाईचा आवाज. शेजारची पोरं माझ्याभोवती बसून हसत आणि मी चुलीकडे बघत बोलत राही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मुंबईच्या रेडिओ केंद्रातले एक साहेब आमच्या वाड्यात हळदीची गाणी टिपून घ्यायला आले. चष्मा लावणारे, हळू बोलणारे. त्यांचं यंत्र आमच्याच ओटीवर मांडलं, कारण वाड्यात मोठी ओटी आमची. बायका गायला बसल्या. मी अर्थातच आत, पाहुण्यांसाठी मासे तळत होते आणि पोरांना गप्प ठेवायला म्हणून आवाज काढत होते. जरा वेळाने साहेबांनी यंत्र थांबवलं आणि सासूबाईंना हात जोडून म्हणाले, आत ज्या चार बायका भांडताहेत त्यांना जरा थांबायला सांगा, गाण्यापेक्षा भांडणच जास्त उतरतंय.

"आत कोन भांडनार?" सासूबाई म्हणाल्या. "आत येकटी सून हाय माझी, ती तर मुकी असल्यासारखी हाय."

त्यांनी आत डोकावलं. साहेबांनीही त्यांच्या खांद्यावरून डोकावलं. माझ्या हातात झारा होता. मी तो तसाच तोंडापुढे धरला.

महिन्या-दोन महिन्यांनी केंद्राचा कागद आला. गावकऱ्यांसाठी संध्याकाळचा जो कार्यक्रम लागतो, त्यात छोटी नाटकं असतात, त्यात काम कराल का, मानधन मिळेल. धन्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कागद वाचून दाखवला आणि ते हसायला लागले. मी हसले नाही. सासरे ओटीवर जाळं विणत होते. ते कधीच बोलत नसत, त्यांच्या वाट्याचंही सासूबाईच बोलून टाकत. सासूबाईंनी एवढंच विचारलं की तिथे लोकांपुढे उभं राहावं लागतं काय. धनी म्हणाले, नाही, बंद खोलीत बोलायचं, ऐकणाऱ्याला तोंड दिसत नाही.

"तोंड दिसत न्हाय, मग लाज कसली? जाऊंदे तिला."

त्या एवढ्या चटकन हो म्हणाल्या त्याला कारण होतं. त्याच साली आमच्या होडीला इंजिन बसलं होतं. शिडाच्या होड्या मागे पडत होत्या. इंजिनासाठी सरकार कर्ज देत होतं, पण थोडी रक्कम आपली आधी भरावी लागे. ती कुठून आणायची म्हणून धनी खाली मान घालून बसले, तेव्हा सासूबाईंनी गळ्यातली सोन्याची माळ काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. जोंधळ्याएवढ्या मण्यांची ती माळ त्यांना त्यांच्या आईने दिली होती. ती अलिबागच्या पेठेतल्या सोनाराकडे गहाण पडली. इंजिनाने मासळी वाढली, नाही असं नाही. पण डिझेल, सरकारी हप्ता आणि खलाशांचा वाटा जाऊन हातात उरायचं ते पोटापुरतंच. माळ सोडवायला काही राहत नव्हतं. म्हणून सासूबाईंनी अट घातली, की रेडिओचा पैसा घरात यायचा नाही, मुंबईहून सरळ सोनाराकडे जायचा. मी मान हलवली. हलवली म्हणजे शब्द दिला, असं आमच्याकडे धरतात.

पहिल्यांदा धनी सोबत आले. रेवसला लाँच धरून भाऊच्या धक्क्याला उतरलो, जवळच त्यांच्या आत्याच्या घरी पाट्या-पिशव्या टाकल्या आणि केंद्रावर गेलो. ती खोली मी कधी विसरणार नाही. खाली जाजम, भिंतींना भोकं भोकं, आणि दार लावलं की कानात कापूस घातल्यासारखं व्हायचं. मधोमध माईक. एका बाजूला मोठी काच आणि काचेपलीकडे साहेब. कोपऱ्यात एक माणूस सुपात वाटाणे घेऊन बसलेला. तो सूप हळूहळू कलतं करी आणि समुद्र वाजे. मला त्या वाटाण्यांकडे बघून घराची आठवण आली, हे आता सांगायला हरकत नाही.

मला नव्या नवरीचं काम दिलं होतं. मी बोलले, पण माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यातून माझ्या हिरव्या बांगड्या. हातातला कागद थरथरला की त्या किणकिणत, आणि माईकमध्ये ते देवळातल्या आरतीसारखं वाजे. साहेब म्हणाले, बांगड्या जरा काढून ठेवा. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि खांबासारखी उभी राहिले. धनी काचेपलीकडे बसलेले, जिवंत, धडधाकट, आणि मी बांगड्या काढू? साहेबांनी खिशातला रुमाल काढला, दुसरा कोणाकडून तरी मागवला आणि दोन्ही हातांना बांधायला दिला. नंतर मी घरी जुन्या लुगड्याच्या दोन लांब पिशव्याच शिवल्या, नाडीच्या. त्या घालून मी वर्षानुवर्षं कामं केली.

रुमाल बांधून झाले तरी आवाज फुटेना. मग साहेब आत आले आणि म्हणाले, त्या दिवशी चुलीपुढे कसं बोलत होतात? मी हळूच सांगितलं, तिथे पुढे माणसं नसतात. त्यांनी माईक उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला, भिंतीकडे तोंड करून. मी भिंतीपुढे उभी राहिले, चूल आठवली, आणि काय झालं कोण जाणे, नवरीच्या वाक्याला सासूबाईंचाच आवाज लागला. मागे सगळे हसायला लागले. साहेबांनी नवरीचं काम दुसऱ्या मुलीला दिलं आणि मला म्हातारी केलं. तेव्हा मी विशीतली होते. पुढे सगळी कामं म्हातारीचीच केली.

ती म्हातारी कार्यक्रमात महिन्यातून एकदा-दोनदा यायला लागली. आधी लेखक तिला साधीच बोलायला लावत. पण कुठे अडलं तर सासूबाई काय म्हणाल्या असत्या ते मी घालायची आणि साहेब ते राहू देत. लोकांना ती आवडली. केंद्राला पत्रं येत, असं साहेब सांगायचे. मी कागदावर सही करून पैसे घ्यायची, ते पोलक्याच्या आत ठेवायची आणि परतताना सोनाराच्या हातात द्यायची.

इकडे वाड्यात काय चालायचं ते मला नंतर कळे. पंचायतीच्या रेडिओला बाहेर भोंगा लावला होता. संध्याकाळी सगळे तिथे जमत. नाटकं तेव्हा तिथल्या तिथे बोलून सोडत, त्यामुळे माझा आवाज गावात आला की मी मुंबईत असायची. सासूबाई सगळ्यांत पुढे बसत. दुसऱ्या दिवशी मी घरी आले की त्यांची तक्रार ठरलेली असे. "कालबी तुझा आवाज काय आला न्हाय गो. ती खवट म्हातारीच बोलत व्हती सारखी. तुला मधी बोलूच देत न्हाय."

मी म्हणायची, "व्हय."

"पैशे तरी बरोबर देतात ना? मग बोलू दे तिला. बोलते पन खरं."

सगळ्या वाड्याला कळलं होतं की ती म्हातारी कोणाची, फक्त त्यांना कळलं नव्हतं. माणसाला आपला आवाज बाहेरून कुठे ठाऊक असतो? आणि सांगायची हिंमत कोणाची होणार? धनी रेडिओपुढे बसताना म्हणे तोंडात पदरासारखा रुमाल धरून बसत. सासूबाईंची खात्री होती की म्हातारीचं काम करणारी कोणी उरणची बाई असणार, कारण उरणच्याच बायका इतक्या तोंडाळ असतात.

वर्षभर असं छान चाललं. मग ते नाटक आलं.

नेहमीच्या कार्यक्रमातलं नव्हतं ते, मोठं होतं, नवीन लेखकाचं. दोन भाऊ एका होडीवर जातात, वादळ होतं, एकच परत येतो. म्हातारी आई किनाऱ्यावर उभी असते. माणूस येऊन सांगतो की एकजण गेला, आणि ती गेलेल्या मुलाच्या नावाने हंबरडा फोडते. मी आधी मुंबईला जाऊन तालमीचा कागद हातात घेतला आणि गेलेल्या मुलाचं नाव वाचलं. ते आमच्या धन्यांचं नाव होतं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय मोठंसं. पण आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं. रेशनचा कागद भरायचा तरी शेजारच्या पोराला पुढे करायचं. आणि इथे नुसतं नाव घ्यायचं नव्हतं, त्या नावाने रडायचं होतं. आणि धनी त्याच दिवसांत खोल पाण्यात गेलेले. मला तोंड उघडून साहेबांना सांगता आलं असतं. नाव बदलायला एक रेघ पुरली असती. पण सांगायचं म्हटलं तरी "हे माझ्या धन्यांचं नाव" एवढं सगळ्यांपुढे म्हणावं लागणार, आणि तेच मला जमेना. तालमीत मी त्या जागी "माझ्या पोरा" म्हणून वेळ मारून नेली. साहेब म्हणाले, रडणं आत्ता खर्च करू नका, पण त्या वेळी नाव घ्या. "ऐकणाऱ्याला दिसत नाही, बाई. नाव घेतल्याशिवाय दोघांतला कोण गेला ते त्याला कळणार कसं?"

मी मान हलवली. इथेही.

संध्याकाळी लाल दिवा लागला. सुपात वाटाणे उसळले, पत्र्याची वीज झाली. माणूस येऊन म्हणाला, आये, होडी फुटली, एकच वाचला. माझी पाळी आली. कागदावर नाव स्वच्छ दिसत होतं. तोंड उघडेना. काचेपलीकडे साहेबांचे हात वर गेले. वाटाणेवाला बिचारा समुद्र वाजवत राहिला, वाजवत राहिला. आणि मग माझ्या तोंडून हंबरडा फुटला तो दुसऱ्या मुलाच्या नावाने, जो वाचलेला होता आणि माझ्या शेजारीच कागद घेऊन आत यायला उभा होता.

ते काम एक मास्तर करत होते, दादरच्या शाळेतले, मोठे विनोदी गृहस्थ. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना पुढच्या क्षणी जिवंत म्हणून यायचं होतं आणि मी त्यांना आत्ताच रडून मोकळी झाले होते. त्यांनी कपाळाला हात लावला, माईकपाशी आले आणि म्हणाले, "आये, मी आलो गो. मी," आणि धन्यांचं नाव सांगितलं.

तिथून पुढे सगळ्यांनीच नावं उलटी करायची होती, पण सगळ्यांच्या हातात कागद सुलटेच होते. दोन सुनांची कामं करणाऱ्या दोन मुली होत्या. ज्या मुलीला रडायचं होतं तिने कागद धरला, कागदात गेला तो तिचाच नवरा, म्हणून ती रडली. दुसरीने विचार केला की आता नावं बदलली, म्हणजे विधवा आपण, म्हणून तीही रडली. शेवटी विधवा कोण झाली ते मलाही कळलं नाही. दिवा विझला. साहेब आत आले, चष्मा पुसत होते. त्यांनी हळूच विचारलं, बाई, असं का झालं? मी पायाकडे बघत राहिले. मास्तरांनी काही थट्टा करून बघितली. साहेब म्हणाले, ठीक आहे, तुम्ही या आता.

त्यानंतर केंद्राचा कागद यायचा बंद झाला.

घरी आले तेव्हा धनी परतलेले होते, पायावर पाणी घेत होते. मी त्यांच्याकडे बघून घेतलं आणि आत गेले. वाड्यात चर्चा चालली होती की नाटक झकास झालं, पण मेलं कोण? दोन तट पडले होते. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, कुडाला टेकून बसल्या आणि विचारलं, काय झालं ते सांग. मी म्हटलं, "नाव." त्यांनी बाहेर धन्यांच्या दिशेने हनुवटी केली. मी मान हलवली.

"रडायला दिलं व्हतं काय त्या नावानं?"

"व्हय."

"मग बरं केलंस," एवढं बोलून त्या उठल्या.

पण बरं केलं तरी माळ सुटत नव्हती. पावसाळा आला, नारळी पुनव झाली, दिवाळी झाली, कागद नाही. सोनार माणूस वाईट नव्हता, पण त्याने निरोप धाडला की शिमग्यापर्यंत थांबेन, मग माळ मोडीत काढीन. त्याच दिवसांत वाड्यात एक लग्न होतं. हळदीला सगळ्या बायका अंगभर सोनं घालून आलेल्या. सासूबाई पदर हनुवटीपर्यंत ओढून बसल्या. एक शेजारीण मुद्दाम म्हणाली, आये, गळा दुखते काय?

"गळा न्हाय गो, माळ दुखते. सोनाराकडं औषधाला ठेवलीय."

सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. पण घरी येतानाही त्यांनी पदर तसाच हनुवटीपर्यंत धरला होता, आणि मला रात्रीचं जेवण गेलं नाही. मी शब्द दिला होता आणि त्यांचा गळा माझ्यामुळे मोकळा होता. सकाळी बघते तर त्या नवं लुगडं नेसून, पाटीत सोडे भरून उभ्या. सुकवलेल्या कोलंबीचे लालभडक सोडे, वर्षातले उत्तम, गिऱ्हाइकालासुद्धा दाखवत नसत ते. म्हणाल्या, चल, लाँच चुकेल.

मी वाटेत एकदाच म्हटलं की तिथे असं कोणी जात नाही. त्या म्हणाल्या, मासळीचे पैसे थकले की आम्ही गिऱ्हाइकाच्या दारात जातो, तसंच हे.

केंद्राच्या दारावर पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. पाटीचा वास आत जाऊ देईना. मी सासूबाईंच्या मागे लपले. त्या पाटी खाली ठेवून बोलायला लागल्या. आवाज वाऱ्यावरचा, तो दरवाजातून आत, जिन्यावर, सगळीकडे गेला असणार. "तुमच्या सायबाला बोलवा. ज्यानं माझ्या सुनेला नवऱ्याच्या नावानं रडायला लावलं, त्याला मना येकदा बघायचा हाय."

जिन्यावरून साहेब घाईने उतरताना दिसले. चष्मा हातात. आवाजाच्या दिशेने बघत म्हणाले, "बाई, तुम्ही कधी आलात?" आणि मग चष्मा लावला. पुढे पाटीवाली म्हातारी उभी. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्यामागे मला बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. सासूबाई थांबल्या नाहीत. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, हे मुंबईच्या लोकांना ठाऊक नसेल तर आमच्याकडे येऊन विचारावं; पोरगी लाजाळू आहे, ती सांगणार नाही, पण तुम्ही विचारायला नको काय; आणि दोन पोरांतलं एक मारायचंच असेल तर दुसऱ्या कोणाचं नाव द्यावं, नावांना काय तोटा आहे.

साहेब ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता. मग जिन्याच्या पायरीवरच बसले आणि मोठ्याने हसले. म्हणाले, माझी बायको इतक्या वर्षांत मला "अहो"च म्हणते, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मग मला म्हणाले, तुम्ही मला एक शब्द सांगायचा होता. मी सासूबाईंच्या पदराचं टोक धरून उभी.

आणि मग त्यांनी ते बोलून टाकलं, जे इतके दिवस कोणी बोललं नव्हतं. म्हणाले, आजी, तुम्ही बोलायला लागलात तेव्हा मला वाटलं, आमची रेडिओवरची म्हातारीच खाली आली.

सासूबाई हळूहळू माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता ह्या पाटीत सोड्यांखाली मावेन काय मी.

"म्हंजे ती खवट म्हातारी मी व्हय गो?"

मी मान हलवली. पहारेकरीसुद्धा वाट बघत होता.

"तरी म्हनत व्हते," सासूबाई म्हणाल्या, "येवढं शहाणं कोन बोलते."

साहेबांनी आम्हाला वर नेऊन चहा दिला. सोडे घेतले, पैसे देऊ केले, ते सासूबाईंनी घेतले. भेट वेगळी आणि सोडे वेगळे, असं त्यांचं म्हणणं. साहेब म्हणाले, तुम्हीच का नाही काम करत नाटकात? त्यावर त्यांनी सरळ सांगितलं की मला वेळ नाही, बाजार कोण करील. "माझा आवाज हिनं नेलाय, तवा पैशे हिलाच द्या. पन भाडं मी तिच्याकडून घेईन."

भाडं म्हणजे खारी बिस्किटं. धक्क्याजवळच्या बेकरीतली, प्रत्येक फेरीला एक पुडा. ते त्या कोणाला देत नसत, चहात बुडवून एकट्या खात आणि खाता खाता मला पुढच्या नाटकासाठी म्हातारीने काय बोलावं ते सांगत. लेखकांना वाटे, मला सुचतं. आणि साहेबांनी एक नियम केला. नवीन नाटक आलं की ते आधी मला एकटीला बोलावून सगळी नावं वाचून दाखवायचे. धन्यांचं, सासऱ्यांचं, थोरल्या दिरांचं नाव आलं की मी मान हलवायची, ते खोडून दुसरं घालायचे. मला एक शब्दही बोलावा लागत नसे.

पंचायतीपुढे सासूबाई आता वेगळ्याच थाटात बसत. म्हातारी काही बोलली की मागे वळून लोकांकडे बघत. कोणी हसलं नाही तर पुन्हा समजावून सांगत, आणि तेवढ्यात पुढची वाक्यं बुडत, म्हणून लोक कुरकुरत. घरी माझ्या चुका काढत. इथे तू श्वास घेतलास, मी घेत नाही. तिथे मी आधी तपकीर ओढते, मग बोलते. सासरे जाळ्यातून मान वर करून एकदाच म्हणाले की आता घरात दोन झाल्या. त्यांचं तेवढं एक वाक्य मला आठवतं.

तो शिमगा आला तेव्हा पैसे पुरे झाले नव्हते. मी सोनाराकडे जे होतं ते दिलं आणि दारात उभी राहिले. सांगता येईना. सोनार रेडिओ ऐकणारा होता. त्यानेच विचारलं, म्हातारी पुन्हा सुरू झाली ना? मी मान हलवली. मग थांबतो की आणखी वर्षभर, म्हणाला. त्या वर्षी मला बोलावलं त्या प्रत्येक कामाला मी गेले. पावसात लाँचचा भरवसा नसे, तर मोटारीने पेणवरून वळसा घालून गेले. एकदा तापात बोलले, तो आवाज सासूबाईंना फार आवडला.

पुढच्या शिमग्याला थोडेच दिवस होते. वाड्यात होड्यांना रंग चालले होते. शेवटचे पैसे घेऊन आम्ही दोघी पेठेत गेलो. धन्यांनी येतो म्हटलं, सासूबाई म्हणाल्या, तुझं काय काम, आवाज आमचा. सोनाराने गादीवर बसवलं, पंखा सोडला. मी पोलक्यातून नोटा काढून पुढे ठेवल्या. त्याने त्या हातात घेतल्या, पण मोजायचं सोडून सासूबाईंकडे बघत राहिला. म्हणाला, आजी, एक विचारायचं होतं, बरेच दिवस मनात आहे. ते वादळाचं नाटक झालं, आमच्या घरी अजून वाद चालतो. त्यात मेला कोण?

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी गादीची शिवण बघत होते.

"कोन न्हाय मेलं," त्या म्हणाल्या. "दोघंबी घरला आले. तू पैशे मोज."

त्याने मोजले. एकदा, मग अंगठा ओला करून पुन्हा. बरोबर भरले. व्याजासकट सगळे फिटले, म्हणाला, आणि तिजोरीतून लाल कापडाची पुडी काढून माळ सासूबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तिथेच गळ्यात घातली, पदर मागे सारला आणि भर दुपारी अलिबागच्या पेठेतून तशाच चालत घरी आल्या.